कुठं लिहिलंय?

“सिस्टर, ती पाण्याची वाटी ठेवा खाली,” वायरमन म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सिस्टर जास्त दचकली.

काचेच्या पेटीत त्याचा मुलगा श्वासासाठी झगडत होता. सातव्या महिन्यातच जन्मलेला, ओंजळीत मावेल एवढा. डॉक्टरांनी हात टेकले होते. आई पलीकडच्या खोलीत ऑपरेशननंतरच्या गुंगीत होती. भूल देण्याआधी तिनं सिस्टरचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, “ताई, बाळाचं काही बरंवाईट व्हायला लागलं तर त्याला पाणी घाल. बाप्तिस्म्याशिवाय जाऊ देऊ नकोस.”

सिस्टर जुन्या चर्चची, आणि ही बाईही माहेरची तिथलीच. बाळ मरणाच्या दारात असेल तर फादरची वाट बघायची नसते, कुणीही पाणी घालून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणावेत, हे सिस्टरला आजीनं शिकवलेलं. आजवर तिनं इतक्या बाळांना पाणी घातलं होतं, की वॉर्डात तिला मागून ‘अर्ध्या फादर’ म्हणत. पण हा नवरा पडला पुस्तकवाल्यांच्या मंडळीतला. ते एका दुकानाच्या माडीवर जमत आणि शास्त्रात, म्हणजे बायबलात, लिहिलं असेल तेवढंच मानत.

“बाळाच्या आईनंच सांगितलंय मला,” सिस्टर म्हणाली.

“ती घाबरलीय. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, असं आहे शास्त्रात. तान्ह्या बाळाला पाणी घाला, असं कुठं लिहिलंय? दाखवा, आत्ता घालू देतो.” त्यानं खिशातलं पुस्तक खरंच पुढं केलं.

“लिहिलेलं नसेल. पण पुस्तक घराघरांत यायच्या आधीपासून हे चालत आलंय. पुस्तकही चर्चनंच सांभाळलं ना?”

“माणसांनी सांभाळलं, आणि माणसं चुकतात. याच्या बाबतीत मला चूक नकोय, सिस्टर.”

इतका वेळ ती त्याला हेकट समजत होती. तोही बाळासाठी तिच्याइतकाच घाबरलाय, हे तिला आत्ता दिसलं. बोलणं ऐकून वॉर्डाची मेट्रन दारात आली होती, तिच्याकडे तिनं पाहिलं.

“वडील नको म्हणतायत ना? मग विषय संपला,” मेट्रन म्हणाली आणि निघून गेली.

वायरमन डोळे पुसायला वळला. कपाळावर दोन थेंब ओघळू देऊन ते शब्द पुटपुटले असते तरी भागलं असतं. तिचं बोट वाटीच्या काठापर्यंत गेलंही. पण बापाच्या पाठीमागं चोरून घातलेलं पाणी देवापुढं कोणत्या तोंडानं न्यायचं, हे तिला उमगेना. तेवढ्यात बाळाची छाती हलायची थांबली.

संध्याकाळी बाई शुद्धीवर आली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिला काय ते कळलं. बराच वेळ ती रडली, मग सिस्टरकडे वळली.

“ताई, घातलंस ना पाणी?”

सिस्टरनं मान खाली घातली. आयुष्यात तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“घातलं,” वायरमन म्हणाला. “मी होतो तिथं.”

“तुम्ही घालू दिलंत?”

“दिलं.”

बाईनं डोळे मिटले. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. मग तिनं विचारलं, “नाव काय ठेवलं?”

बाप्तिस्मा म्हटला की नाव येतंच, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. त्यानं सिस्टरकडे पाहिलं.

“आजोबांचं,” सिस्टर म्हणाली.

“कुठल्या आजोबांचं?”

“तुझ्या बाबांचं,” तो म्हणाला.

बाई ते नाव पुटपुटत राहिली. सिस्टर सलाईन बघायच्या निमित्तानं पाठमोरी उभी राहिली. वायरमननंही एकदा ते नाव उच्चारून पाहिलं, बायकोबरोबर, अगदी हळू.