हळदीचं रगत

"रगत! रगत!" देवाच्या बनातली गर्दी दोन पावलं मागं सरली. बुवानं हळदीत भिजवलेली चिंधी लिंबाच्या पानावर घासली आणि पिवळीधमक चिंधी बघता बघता लाल झाली.

निजामाच्या राज्यातलं, अणदूरजवळचं छोटं गाव. बनातली झाडं दोन वर्षांपासून वाळत चालली होती. ती कुणाच्या करणीनं, हे शोधायला कल्याणप्पा गुत्तेदारानं हा बुवा आणला होता. एकेका बाईच्या नावानं तो पान तोडून घाशी. चौघींच्या चिंध्या पिवळ्याच राहिल्या. पाचवी, इरम्माची, लाल झाली.

"हिच्या डोळ्यांत इख हाय!" बुवा गरजला. "आजच्या आज गावाभाईर काढा!"

मल्लम्माच्या जिवाला गार वाटलं. इरम्मा तिची सवत. ती आल्यापासून नवऱ्याचं, बंडप्पाचं हसणं, बोलणं, दोन घटका टेकणं, सगळं इरम्माच्या वाट्याला गेलं होतं. आता ती जाणार होती. मल्लम्मानं नुसतं गप्प बसायचं होतं.

कारण मल्लम्माला सगळं कळलं होतं. ती तुळजापूरच्या बाजारासाठी कुंकू करायची. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तिला रोजचंच. बनाच्या उगवतीला कल्याणप्पाची चुन्याची भट्टी होती. चार पानं बुवानं मावळतीची तोडली. इरम्माचं तेवढं उगवतीचं. आणि भट्टी पेटल्यापासून झाडं वाळली, असं गावात पहिल्यांदा इरम्माच बोलली होती.

कुणीतरी इरम्माच्या केसांना धरून ओढलं. मल्लम्मानं मान फिरवली, पण तिला गप्प राहवेना.

"थांबा!" उगवतीचं पान तोडून तिनं बुवापुढं धरलं. "म्हाराज, आता सोताच्या नावानं घासा."

"आमी देवाची माणसं..."

"घासा," पाटील सिद्रामप्पा म्हणाले.

चिंधी लाल झाली. मल्लम्मानं त्याच फांदीचं दुसरं पान तांब्यातल्या पाण्यात चोळून धुतलं आणि नव्या चिंधीवर घासलं. चिंधी पिवळीच राहिली.

"करणी न्हाय, पाटील, चुना हाय ह्यो! भट्टीचा धुरळा पानांवर बसतुया, त्यानंच झाडं मरायलीत. बाईला काय मारता? भट्टी हलवा. आन् कुणी चमत्कार दावला तर आदी आपल्या हातानं करून बघा!"

बुवाला लोकांनी धरलं. कल्याणप्पा कधीच सटकला होता.

वाटेत इरम्मा पाया पडायला वाकली. "अक्का, तुमी व्हता म्हून..."

मल्लम्मानं पाय मागं घेतले.

"तू मला आजबी डोळ्यांपुढं नको हाईस, इरम्मा. पर म्हून खोट्याला खरं म्हणू व्हय?"