साडेचारचा टेक

जगाच्या चलच्चित्रकलेत ज्या मोजक्या जागा पवित्र मानायला हव्यात, त्यांत भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीतला एक रस्ता मोडतो, असं माझं ठाम मत आहे. आमच्या हिला ते मान्य नाही. तिचं म्हणणं, त्या रस्त्यावर गुरुवारी भाजीबाजार भरतो आणि वांगी किडकी मिळतात.

मी पस्तीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात होतो. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामावर खडूने फुली मारायचा मला पगार मिळे. निवृत्तीनंतर वसाहतीबाहेर, अवधपुरीत घर बांधलं. फुली मारायची सवय राहिली, पण मारून घ्यायला कोणी उरलं नाही. त्यामुळे क्वार्टरात होतो तेव्हापासून शेजारी असलेल्या वसंतरावांची प्रतिभा एका सकाळी येऊन म्हणाली, "गोपीनाथकाका, तुम्हाला नाचायचंय," तेव्हा मी पेपर खाली ठेवला.

"त्यांना आधी वाकता येतं का, ते विचार," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

प्रतिभा कॉलेजात व्हिडिओ बनवायचं शिकत होती. सरांनी शेवटच्या वर्षाला काम दिलं होतं : गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या मोठ्या दिग्दर्शकांचा अभ्यास करा, त्यांच्यापासून प्रेरणा घ्या, पण नक्कल करू नका. चोरी करा, पण हात लावू नका, असाच याचा अर्थ. पोरीने वहीभर अभ्यास केला होता. एका परदेशी दिग्दर्शकाकडून तिने घेतलं की सगळं गाणं एका दमात, कुठेही न कापता टिपायचं. दुसऱ्याकडून वेगाची युक्ती. तिसऱ्याकडून, नर्तक न घेता साधी माणसं घ्यायची. साधी म्हणजे फुकट, हे मला मागाहून कळलं.

"मतलब, काका, गाणं दुप्पट वेगाने लावायचं. तुम्ही फटाफट ओठ हलवायचे, फटाफट नाचायचं. बाद में मी सगळं निम्म्या वेगावर आणणार. गाणं बरोबर चालणार आणि तुम्ही पाण्यात तरंगल्यासारखे दिसणार."

"आम्ही एरवी निम्म्या वेगानेच चालतो. मग हा आटापिटा कशाला?"

"काका, प्लीज. पहिल्या दोघांत आले तरच मुंबईला सहा महिने शिकायला पाठवणार आहेत. आणि बाबा म्हणतात, नंबर आला तर अर्जावर सही करायचा विचार करीन. नाही आला तर बँकेच्या परीक्षेचा क्लास."

वसंतराव कारखान्याच्या प्लॅनिंगमध्ये होते. मागच्याच वर्षी निवृत्त झाले. विचार करीन म्हणाले की ते खरोखरच विचार करतात, आणि त्याला तीन महिने लागतात.

तर आम्ही आठ निवृत्त गडी जमलो. आठ जणांत मिळून अकरा गुडघे धड होते. जागा ठरली वसाहतीतल्या रिकाम्या क्वार्टरांसमोरचा रस्ता. क्रेन चालवणारा आमचा दिगंबर मूळचा नागपूरचा. त्याने रस्त्यावर खडूने प्रत्येकाच्या पावलांचा नकाशा काढला, मापं टाकली, आणि खाली लिहिलं : कमी-जास्त पाच मिलिमीटर.

"दिगंबरकाका, नाच आहे हा," प्रतिभा म्हणाली.

"नाच असो का टर्बाइन, पोरी, बेअरिंग जागेवर पाहिजे."

तीन आठवडे रोज सकाळी तालीम चालली. गाणं तिच्या मैत्रिणीने बांधलेलं होतं. 'थांब ना, जाऊ नको' असं त्यात सोळा वेळा येई. दुप्पट वेगाने ते सोळा चिमण्या भांडल्यासारखं वाजायचं. पहिल्या दिवशी मी सातही जणांवर फुली मारली. आठव्यावर, म्हणजे माझ्यावर, दिगंबरने मारली.

शूटिंगचा शुक्रवार उजाडला. कॅमेरा उसना होता आणि सहा वाजता परत करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलेजात द्यायचा होता. आणि प्रतिभाला ऊन हवं होतं तिरपं, म्हणजे साडेचारच्या सुमाराचं. वसंतराव सायकलवरून आले आणि कडुनिंबाखाली हाताची घडी घालून उभे राहिले.

"नाचायला आलात का?" मी विचारलं.

"पाहायला आलोय. किती माणसं वाया जातायत ते."

पहिल्या टेकला दिगंबरला शिंक आली. दुसऱ्याला गाय आली. प्रतिभाचा चेहरा उतरला. "काका, अब लास्ट. ऊन जातंय."

तिसरा टेक मात्र, मी तपासणी विभागाचा माणूस म्हणून सांगतो, निर्दोष चालला होता. कॅमेरा आमच्यातून सरकत होता, ओठ जुळत होते, पावलं खडूवर पडत होती. अर्ध्याहून जास्त गाणं झालं. आणि कारखान्याचा साडेचारचा, सुटीचा भोंगा वाजला.

आता भोंगा आम्हाला ऐकू येत नाही, असं मी शपथेवर सांगेन. तो फक्त पायांना ऐकू येतो. आठही जण एकदम वळलो. मी हातावरचा खडू पँटला पुसला. दिगंबरने वरचा खिसा चाचपून पास आहे ना ते पाहिलं. तो पास त्याने नऊ वर्षांपूर्वी जमा केला होता. आम्ही रांगेने सायकली-स्कूटरांकडे निघालो. मागे गाणं ओरडत होतं, थांब ना, थांब ना, आणि प्रतिभा त्याहून मोठ्याने ओरडत होती, "काका! रुको! अरे, कुठे चाललात!"

कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मला आठवलं की मी निवृत्त आहे.

परत आलो तेव्हा ती फुटपाथवर बसली होती. कॅमेरा तिने बंद केला नव्हता, एवढंच. ऊन क्वार्टरांआड गेलं होतं. शेवटी दिगंबर म्हणाला, "भोंग्याचं टायमिंग प्लॅनिंगने सांगायला पाहिजे होतं." सगळ्यांनी कडुनिंबाकडे पाहिलं. तिथे वसंतराव नव्हते. सायकलही नव्हती.

दुसरं काही नव्हतंच, म्हणून प्रतिभाने तेच दिलं.

आठवड्याने ती धावत आली. पहिला नंबर! सरांनी वर्गासमोर सांगितलं म्हणे, की श्रमिकाच्या शरीरात साठलेला काळ इतक्या संयमाने आपण पाहिलेला नाही. शिवाय विचारलं, हे शेवटचं जाणं इतकं सहज कसं बसवलंस?

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, तीन आठवडे तालीम."

पोरगी मुंबईत टिकेल, याची मला त्याच क्षणी खात्री पटली.

आता उरले वसंतराव. त्या संध्याकाळी त्यांच्या बैठकीत आम्ही सगळे बसलो. टेबलावर अर्ज, अर्जावर पेन. प्रतिभाने टीव्हीवर व्हिडिओ लावला. आम्ही खरोखरच तरंगत होतो. भोंगा वाजला होता त्या जागी हळूहळू वळलो, आणि मग डावीकडून, कडुनिंबाखालून, सायकल हातात धरून खुद्द वसंतराव चित्रात आले. तेही निघाले होते! तिरपं ऊन तोंडावर, आणि ओठांवर हसू. असं हसू मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर बावीस वर्षांच्या शेजारात पाहिलं नव्हतं.

"हा मी?" ते म्हणाले.

"रोज असेच यायचात, बाबा. मी फाटकात उभी असायचे ना."

त्यांनी परत लावायला सांगितलं. मग परत. चौथ्यांदा झाल्यावर चष्मा काढून पुसला, अर्ज पुढे ओढला, अथपासून इतिपर्यंत वाचला आणि सही केली. खाली तारीखही घातली. दिगंबरने नाक शिंकरलं.

वसंतरावांनी घसा साफ केला. कलेबद्दल आता ते काहीतरी बोलणार, म्हणून आम्ही सरसावून बसलो.

"प्रतिभा," ते म्हणाले, "दवाखान्याच्या कार्डाला माझे तीन फोटो द्यायचेत. यातला माझा चेहरा तेवढा कापून देशील? आणि मागचं हे सगळं पुसून पांढरं कर."