डाव्या चाकाची आतली कड

मी एक जुना टायर आहे. वय विचाराल तर अवघं दीड वर्ष. हसू नका मित्रांनो. माझ्याच दिवशी मागच्या चाकांवर बसलेले माझे दोन भाऊ अजून दिमाखात धावताहेत आणि मी बाळकुमला खाडीकाठच्या शेडमध्ये पडलोय.

प्रफुल्लने हायब्रीड गाडी घेतली, तेव्हा मी पुढच्या डाव्या चाकावर होतो. ही गाडी पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. बॅटरीचं जड ओझं आम्ही वाहायचं, सिग्नल सुटल्यावर मोटर हिसका देते तोही आम्हीच सोसायचा. वेग कमी होताना पुढची चाकं फिरतात, त्यातून बॅटरी भरते. पण प्रफुल्ल चारचौघांत सांगायचा, "बॅटरी बघ कसली आहे, पंचवीसचं अ‍ॅव्हरेज देते!" माझं नाव कोणी घेतलं नाही. तरी मी खूश होतो. त्याची आठ वर्षांची लेक समृद्धी मागच्या सीटवर गाढ झोपायची. तिला मी जपून नेत होतो.

एकदा डोंबिवलीच्या कारखान्यात जाताना शिळफाट्याजवळ मी खड्ड्यात दणकन आपटलो. मला काही झालं नाही, पण चाक किंचित तिरकं झालं. गाडी डावीकडे ओढू लागली. मी आतल्या कडेवर घासत चाललो. बाहेरून बघाल तर नवाकोरा!

"साहेब, अलाइनमेंट करून घ्या, अर्धा तास लागेल," हवा भरणाऱ्याने सांगितलं.

"पुढच्या वेळी," प्रफुल्ल म्हणाला. ती पुढची वेळ सहा महिने उगवली नाही.

मग दसरा आला. प्रफुल्लच्या बायकोने, दर्शनाने, मला हळदकुंकू लावलं, माझ्याखाली लिंबू ठेवलं. मी अगदी भारावून गेलो. तेवढ्यात प्रफुल्लचे वडील राघो जवळ आले. त्यांनी उभं आयुष्य मिठागरावरून बैलगाडीने मीठ वाहिलेलं. चाकाला हात लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी माझ्या आतल्या बाजूला हात घातला आणि झटकन मागे घेतला. तळव्यावर रक्त होतं. रबर झिजून माझ्या आतली पोलादी तार बाहेर आली होती.

"आतशी तार निंगाली रं. आज गारी कारू नको."

"बाबा, बैलगाडी नाय ही. काय बिघडलं तर स्क्रीनवर दिसतं."

स्क्रीनवर माझी हवा दिसते मित्रांनो, झीज दिसत नाही. तरी प्रफुल्ल खाली वाकला. मोबाइलच्या उजेडात त्याने तार पाहिली. वाटलं, सुटलो एकदाचा! तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "खडवलीला मालनआत्याकडे सोनं देऊन येऊ, मग बघतो."

टिटवाळ्याच्या पुढे मी फुटलो. गाडी डावीकडे भेलकांडली आणि एका ओढ्याच्या काठापासून हातभर अंतरावर थांबली. समृद्धी रडू लागली, तेव्हा कुठे ती धड असल्याचं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात प्रफुल्ल सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "खोटा माल! अठरा हजार किलोमीटरमध्ये फुटला!" तार त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. फुटताना जेवढं दुखलं नाही, तेवढं ते ऐकताना दुखलं. ज्याचा संसार मी वाहिला, त्यानेच मला खोटं ठरवलं.

राघोंनी मला दुकानात टाकू दिलं नाही. घरी आणून ते लेकाला म्हणाले, "यो टायर खोटा नाय. चाक वाकरा हाय, त्यो सरल कर."

"बदलला ना टायर? झालं मग!"

आता रोज सकाळी ती गाडी शेडसमोरून जाते. माझ्या जागी नवा टायर आहे, त्याच्यावर कुंकवाचं ताजं बोट आहे. गाडी अजून डावीकडेच ओढते. त्या बिचाऱ्याची आतली कड झिजू लागली असेल. मागे समृद्धी झोपलेली असते.

मित्रांनो, मला हळदकुंकू नको होतं. तुमच्या गाडीच्या चाकांना एकदा आतून नीट बघायला सांगा. घरचे "पुढच्या वेळी" म्हणाले, तर गाडीत बसू नका, हट्ट धरा, आरडाओरडा करा. मला ओरडता आलं नाही.