मावशीनं तपासलेलं पुस्तक

टकळी पूर्वी मंगळवारी बाईंकडे यायची. आता ती रोज यायची, पण शेजारच्या खोलीत. आणि तिथे बसून खिदळायची.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, बाईंची वाचनखोली होती. तिच्या आणि शेजारच्या खोलीच्या मध्ये नुसती फळ्यांची भिंत. शब्द नीट कळायचे नाहीत, हसणं मात्र जसंच्या तसं यायचं. बाईंना वाटायचं, एवढं हसण्यासारखं आहे तरी काय? माझ्याकडे तर कधी अशी हसली नाही.

एकतीस वर्षं बाईंनी त्या खोलीत मोठ्यानं पुस्तकं वाचली होती. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलामुलींसाठी. सुरुवातीला कॅसेटी होत्या. एक बाजू संपली की पालटायची, आणि वाक्य मध्येच तुटू नये म्हणून घड्याळावर नजर ठेवायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली. पंख्याची घरघर टेपवर येते म्हणून पंखा बंद. उन्हाळ्यात चष्मा नाकावरून घसरायचा, पण आवाज कधी घसरला नाही. कायदा वाचला, इतिहास वाचला, अर्थशास्त्र तर इतकं वाचलं की कुणी झोपेतून उठवलं असतं तरी तिसरं प्रकरण म्हणून दाखवलं असतं. कितीतरी वकील आणि मास्तर बाईंच्या आवाजावर पास झाले. निवृत्तीनंतरही त्या हौसेनं येत राहिल्या. टकळी ही त्यांची शेवटची श्रोती. फिजिओथेरपी शिकत होती, जन्मापासून दिसत नव्हतं, आणि तोंडाला क्षणभर विसावा नव्हता. म्हणून टकळी. नाव बाईंनीच ठेवलेलं.

शेजारची खोली मिळाली होती बाईंच्या भाचीला, सख्ख्या धाकट्या बहिणीच्या मुलीला. नोकरीचा अर्ज भर म्हणून मागे लागल्या होत्या त्याही बाईच. तेव्हा वाटलं होतं, पोरगी हाताखाली येईल, कॅसेटींची नोंद ठेवील. पोरगीनं येताच सगळा नकाशाच बदलला. प्रत्येक विषयाचं पुस्तक, प्राध्यापकांची टिपणं, सगळं ती अशा रीतीनं तयार करायची की संगणक ते बोलून दाखवी. हवं त्या पानावर उडी मारता येई. कुणाला अक्षर मोठं हवं तर मोठं होई, ऐकू न येणाऱ्यांसाठी व्याख्यानाच्या चित्रफितीखाली मजकूर येई. आणि संगणकाचा तो आवाज! टकळी तो तिप्पट वेगानं ऐकायची. बाईंच्या कानाला नुसती तडतड.

"यातलं तुला काय डोंबल कळतं गं?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"सगळं कळतं, बाई. तुमच्या एका मंगळवारात माझी चार प्रकरणं होतात," टकळी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, पण बाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

महिन्यापूर्वी भाची शरीररचनेच्या पुस्तकाची फाइल कागदावर छापून घेऊन आली.

"मावशी, हे तू तीनदा वाचलंयस. माझ्यापेक्षा तुला जास्त पाठ आहे. एकदा तपासून देशील?"

बाईंनी चेहरा कोरा ठेवला. "आता आमची गरज पडली म्हणायची."

"पडतेच की. चहा आणू?"

"चहानं भागतं होय!" असं म्हणून बाईंनी दोन्ही घेतले, फाइल आणि चहा.

चूक सहाव्या कोष्टकात होती. कोपर ते मनगट, पुढच्या बाजूचे वरच्या थरातले पाच स्नायू, आणि त्यांना चालवणाऱ्या नसा. छापील पुस्तकात पहिल्या चार ओळींना मिळून एकच लांब चौकट होती: मीडियन. पाचवीला वेगळी: अल्नर. फाइलमध्ये ती लांब चौकट पहिल्या ओळीपाशीच संपली होती आणि खालची 'अल्नर' वर सरकून उरलेल्या चौघांना चिकटली होती. बाईंना ते वाचताक्षणी खटकलं. वाचताना त्या तिथे आवाजाला हेल द्यायच्या, पहिल्या चौघांना मीडियन, पाचव्याला अल्नर, म्हणजे मुलांच्या लक्षात राहावं.

त्यांनी पेन्सिल उचलली. फळ्यांपलीकडून हसणं आलं, दोघींचं. बाईंनी पेन्सिल ठेवली. पडू दे पोरगीला एकदा तोंडावर, त्यांच्या मनात आलं, मग कळेल कुणाचं वाचन खरं. शेवटच्या पानावर त्यांनी 'तपासले' असं लिहिलं आणि सही ठोकली.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी, टकळी काठी टेकत बाईंच्या दारात उभी राहिली. बाईंचं काळीज उगाचच सुपाएवढं झालं.

"आली वाटतं आठवण! काय वाचू?"

"वाचायचं नाही, बाई. हात हवाय तुमचा. शेजारच्या ताईचा हात गुबगुबीत आहे, स्नायू सापडतच नाहीत."

"आणि माझा म्हणजे नुसती काडी, नाही का?"

"अगदी पुस्तकासारखा आहे!" टकळी बसली, आणि लगेच सुरू झाली. "बाई, तुम्हाला एक सांगू? रागावू नका. मला परवा पहिल्यांदा कळलं, मनगटाची हाडं दोन रांगांत असतात. ताईनं सगळी चित्रं शब्दांत लिहिलीत. तुम्ही काय म्हणायचात? 'आकृती सात पाहा.' आणि पुढे! आमच्यात तुमचं नावच ते आहे. 'आज आकृती-पाहा आल्यात का?' असं विचारतात सगळे."

ती मनापासून हसली. बाईंना हसता येईना. एकतीस वर्षं. एक शब्द गाळला नाही हा त्यांचा ताठा होता. आणि ज्यांना दिसत नाही त्यांनाच त्या 'पाहा' म्हणत आल्या होत्या, तेही छान सुरात. हे पोरगीच्या लक्षात आलं, माझ्या कसं आलं नाही? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

टकळीची बोटं बाईंच्या हातावर फिरत होती. कोपराखाली दाबून तिनं पहिला स्नायू सांगितला, नस मीडियन. बरोबर. मग मनगटाशी अंगठ्याच्या बाजूची स्नायूची दोरी पकडून म्हणाली, "हा दुसरा. नस अल्नर."

आता नुसतं गप्प बसलं की झालं असतं.

"चुकलं," बाई म्हणाल्या.

"नाही हो, फाइलमध्ये असंच आहे. आणि ताई म्हणाली, मावशीनं तपासलंय, बिनधास्त पाठ कर."

बाईंनी हात सोडवून घेतला. "बस इथंच," म्हणाल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या.

"सहावं कोष्टक चुकलंय. चौकट सरकलीय."

भाचीनं पडद्यावर पाहिलं, पुस्तक उघडलं, कपाळाला हात लावला. "अगं बाई! आणि तुझ्याही नजरेतून सुटलं?"

'हो' म्हणून सुटता आलं असतं. "सुटलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तेव्हाच दिसलं होतं."

"मग?"

"मग काय. नाही सांगितलं. तुम्ही दोघी हसत होतात."

भाचीनं खुर्ची मावशीकडे वळवली. मग म्हणाली, "मावशी, माझ्याशी भांडायचंस. चार शब्द सुनावायचेस, मी आईपाशी जाऊन रडले असते, संपलं असतं. परीक्षा माझी नव्हती गं. तिची होती."



"यापुढे मी शरीररचनेच्या मॅडमकडून तपासून घेईन," भाची म्हणाली आणि पाठ फिरवून कोष्टक दुरुस्त करू लागली.

थोड्या वेळानं ती लॅपटॉप घेऊन वाचनखोलीत आली. टकळीला एवढंच म्हणाली, "फाइलमध्ये चूक होती, मावशीनं पकडली. पुन्हा पाठ कर." मग मावशीकडे न बघता, "बाही वर कर."

बाईंनी बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात टेबलावर ठेवला. संगणक तडतडू लागला. टकळीनं मान त्याच्याकडे कलती केली, बाईंकडे नाही. बोटं मात्र बाईंच्या मनगटावर होती. भाची तिच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून, आणि दोघी कशावर तरी पुन्हा हसल्या.

"बाई, हात सैल सोडा ना," टकळी म्हणाली. "ताठ धरला की स्नायू सापडत नाही."

बाईंनी तो सैल सोडला.