कोल्हापूरला गूळ

नृसिंहमास्तरांचं पुस्तक एका वाक्प्रचारापायी अडलं होतं. खालच्या वर्गांतल्या मुलांसाठी त्यांनी इंग्रजी वाक्प्रचार जमवले होते, आणि प्रत्येकासमोर नुसता अर्थ न देता घरात बोलतात तसा मराठी जोडीदार बसवला होता. इंग्रजांच्या आभाळातून कुत्री-मांजरं पडली, की मास्तरांच्या पानावर मुसळधार पाऊस लागे. फक्त 'न्यूकॅसलला कोळसा नेणं' याला जोडीदार मिळेना. जिथं मालाची खाण, तिथंच तो माल न्यायचा, हे ठाऊक होतं. पण तेवढंच लिहून मोकळं व्हायला मन धजेना. कुणी हसलं तर?

छापखान्याचे मालक बाळासो म्हणायचे, "मास्तर, द्या की. एक ऱ्हायलं तर काय आभाळ कोसळतंय व्हय?"

"उद्या आणतो," मास्तर म्हणत. अशी तीन-चार वर्षं गेली.

एका सकाळी शाहूपुरीच्या बाजारात गुळाच्या ढेपांनी लादलेल्या बैलगाड्या वाट अडवून उभ्या होत्या, आणि त्यांना एकदम सुचलं: कोल्हापूरला गूळ नेणं. रोज याच वाटेनं ते शाळेत जात. त्याच दिवशी त्यांनी बाड देऊन टाकलं. घरी त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी प्रतींसाठी फडताळाचा एक कप्पा रिकामा केला. तिथले डबे जमिनीवर आले.

पहिली पानं जुळली, आणि संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पाठोपाठ मुंबई सरकारचा नियम आला: इंग्रजी आता आठवीपासून.

मास्तर छापखान्यात पोचले तेव्हा जुळारी केरबा त्यांची जुळवलेली पानं सोडत होता. अक्षराचा एकेक खिळा उचलून खणात टाकत होता.

"खासबागेतल्या कुस्त्यांची जाहिरात हाय," बाळासो नजर चुकवत म्हणाले. "टाइप पुरंना झालाय. आन् खालच्या वर्गातनं इंग्रजीच गेलं. घ्यायचं कुणी? दोन वर्सांमागं दिलं असतं, तर हातोहात खपलं असतं की."

"तेवढी ती गुळाची ओळ..."

"ठेवून करायचं काय, मास्तर?"

 केरबानं 'कोल्हापूर' मात्र सोडलं नाही. अख्खंच उचलून जाहिरातीत बसवलं.

घरी कालिंदीबाईंनी विचारलं, "छापायला घेतलं का हो?"

"उद्या," मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून त्या फडताळापाशी उभ्या राहिल्या. मास्तर खाली बसले आणि एकेक डबा वर देऊ लागले.