रीमर की बोरिंग?

पंपाचं ते ओतीव घर, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, एकच होतं आणि दुसरं यायला दोन महिने लागले असते. त्याच्या पोटात शाफ्टसाठी, म्हणजे फिरत्या दांड्यासाठी, भोक हवं होतं. ओततानाच कच्चं भोक सोडलेलं असतं; ते मोठं करून मापाला आणायचं आणि मुख्य म्हणजे जागेवर आणायचं, एवढंच आमचं काम.

आमचं म्हणजे बाबांचं आणि माझं. बाबांनीच मला या मशीनवर उभं केलं. आई म्हणते, या बापलेकींना जेवताना मीठ मागायची शुद्ध नसते, ड्रिलच्या गप्पा मात्र संपत नाहीत. ते खरंच आहे.

पण गेल्या दोन महिन्यांत बाबांच्या हातून दोन जॉब, म्हणजे मशीनवरचे नग, वाया गेले होते. फोरमननं स्पष्टच सांगितलं होतं, "काका, आणखी एक बिघडला तर मशीन सोडावं लागेल." तेव्हापासून बाबा घरी तोंडातून शब्द काढत नव्हते. त्यांची नजर अधू होत चाललीय हे मला कळत होतं. ते लपवत होते आणि मीही शहाणपणानं डोळेझाक करत होते.

त्या दिवशी पाहिलं तर कच्चं भोक एका अंगाला सरकलेलं. अशा वेळी बोरिंग बारला पर्याय नाही. त्याची एकच धार मशीनच्या मध्याभोवती फिरते आणि वाकडं भोक जागेवर आणते. पण तो लावायचा तर त्याच्यावरचे बारीक आकडे वाचावे लागतात. अनेक धारांच्या रीमरला तसलं काही नाही. आधीचं भोक जाईल तिकडे तो निमूट जातो. माप चोख देतो, चूक तशीच ठेवतो.

बाबांनी रीमर उचलला.

"ड्रिल मारून रीमरनं भागेल ना गं?"

फोरमन शेजारीच उभा होता. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्यादेखत बापाचं आंधळेपण चव्हाट्यावर मांडू?

"भागेल, बाबा."

ड्रिल एकाच बाजूनं खायला लागलं. आवाज तुटक येत होता. बाबांनी मशीन थांबवलं.

"काय करू?"

"चालू द्या," मी म्हणाले. थोडक्यात निभावेल, अशी वेडी आशा होती मला.

शेवटी रीमर फिरवून झाल्यावर माप तपासायचा गेज भोकात अलगद बसला. कितीतरी दिवसांनी बाबा हसले. मग तपासणीच्या टेबलावरून निरोप आला: माप बरोबर, जागा पाऊण मिलिमीटर चुकलेली, जॉब बाद. फोरमन ओरडलासुद्धा नाही. "काका, उद्यापासून स्टोअरमध्ये बसा," एवढंच म्हणाला.

पाळी सुटल्यावर बाबा कपाट रिकामं करत होते. मला रडू आवरेना.

"माझंच चुकलं, बाबा. भोक सरकलेलं मला दिसलं होतं. चारचौघांत तुम्हाला कमीपणा नको, म्हणून गप्प बसले."

बाबा फळीवर हातानं चाचपत होते. चष्म्याचं घर समोरच होतं. मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं.

"मला त्या भोकात नुसता काळोख दिसत होता गं," ते म्हणाले. "म्हणून तर तुला दोनदा विचारलं."