बारा मिलिमीटर

चिमट्याच्या टोकावर तो स्क्रू लुकलुकत होता – तिळाहून लहान, त्याच्या डोक्यावर एक आडवी खाच, आणि ती खाच शोधायला भिंगाखाली मान घातली की जग तेवढंच उरतं, हे तिला या कामातलं सगळ्यात आवडायचं. पण आज भिंगाच्या कडेला, ट्रेखालून, तो चार घड्यांचा कागद दिसत होता. मुद्दाम आत सरकवला होता तिने. तरी कोपरा बाहेर आलाच, आणि त्या कोपऱ्यावर निळ्या शाईत 'रॅम' एवढी दोन अक्षरं, गोल गोल, न्हाऊन-माखून बसल्यासारखी. स्क्रू निसटला आणि कुठेतरी टिचकन वाजला.

"ती सोनेरी फ्रेम झाली का?" पुढून मालकांनी विचारलं.

"होतेय," म्हणत ती टेबलाखाली वाकली. चष्म्याच्या दुकानामागची ही खोली, काच घासायचं यंत्र, त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी, सगळीकडे बसलेली पांढरी भुकटी… पंधरा वर्षं ती इथे काचा फ्रेममध्ये बसवत होती आणि पडलेला स्क्रू तिला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त शोधावा लागला नव्हता. आज पाच मिनिटं गेली. जळ्ळा मेला तो कागद.

कागद काल तिच्या भावाने आणून दिला होता. आठ वर्षांनी धाकटा, घरात बारक्या. आता सहा फूट झाला, दाढी आली, लग्नाला आठ महिने झाले, तरी तिच्या तोंडी बारक्याच. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "ताई, नवीन मशीन बनवतोय. कॉम्प्युटर, गेमिंगचा. सुटे भाग आणून घरीच जोडणार. ही यादी, ठरलेल्या पैशात बसवलीय. नीट बघ हं."

"फोनवर पाठवायचीस की."

"नाही, कागदावरच बघ. आणि उद्या संध्याकाळी चहाला घरी ये, तिथेच सांग." आणि हसला, ओठ दाबून. हल्ली तो असाच हसायचा. त्या हसण्याचं कारण त्याच्या घरी बसलेलं असतं आणि आपल्या वाट्याला नुसतं हसणं येतं, असं तिला वाटलं, आणि 'बरं' म्हणून तिने कागद घेतला. घडी उघडली तर अक्षर त्याचं नव्हतं.

भावजयीचं होतं. तिला अक्षरांची सवय असणारच – औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावते, मुंगी शाईत बुडवून सोडावी तसल्या, त्या नुसत्या तिरक्या धरून वाचते म्हणे. वाचू दे. पण प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड हे शब्द हिच्या हातून? गेल्या वर्षी ही पहिल्यांदा घरी आली तेव्हा टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणाली होती, जे आतल्या एका चिपचं नाव, आणि मी बारक्याकडे बघून डोळा मारला होता आणि त्यानेही मला मारला होता. तोच डोळा आता कुणाकडे बघून मिचकावतो कोण जाणे! म्हणजे संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी बसले असणार, तो सांगतोय, ही लिहितेय, मध्येच ही म्हणतेय 'हे महाग आहे रे', तो म्हणतोय 'मग हे बघ'… आणि मला मिळालं काय, तर झालेल्या स्वयंपाकात मीठ बरोबर आहे का तेवढं सांगायचं काम.

पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. तिने ते स्वतःशी कबूलही केलं. स्क्रू सापडला, यंत्राच्या पायाशी.

आई गेली तेव्हा ती एकोणीसची आणि तो अकराचा, बाबा कायम फिरतीवर. संध्याकाळी हा पोरगा भिंतीकडे तोंड करून बसायचा, बोलायचा नाही. मग एका कचेरीने काढून टाकलेली तीन मेलेली मशीन तिने भंगारवाल्याकडून उचलून आणली आणि तिन्हींतून एक जिवंत केलं – कसं, ते तिचं तिलाही नीट आठवत नाही, एक जाडजूड पुस्तक, एक स्क्रूड्रायव्हर आणि पुष्कळ शिव्या. गाड्यांच्या शर्यतीचा एकच खेळ त्याच्यावर चालायचा. एकाच कीबोर्डवर दोघं, बाणांची बटणं तिची, अक्षरांची त्याची, कोपराला कोपर. आणि दर रविवारी मशीन उघडून पुसायचं, स्क्रू एका झाकणात काढून ठेवायचे, आणि परत जोडताना ती एक चूक ठेवायची. एखादी वायर सैल, रॅमची पट्टी अर्धवट दाबलेली, नाहीतर मागचं बटणच बंद. ती त्याने शोधायची, मगच खेळ. 'शोध' म्हणायचे ते त्याला. एकदा तिने गंमत म्हणून काहीच ठेवलं नाही, पोरगा तासभर शोधत राहिला आणि शेवटी ओठ थरथरवत म्हणाला, "ताई, चूक नसेल तर मी काय शोधू?" तेव्हापासून नियम झाला – एकच, पण नक्की. चूक सापडली की तो जो ओरडायचा! भिंतीकडचं तोंड त्या ओरडण्याने इकडे वळलं होतं. ते मी वळवलं होतं. हिने नाही.

काल रात्री जेवल्याजेवल्या तिने यादी तपासायला घेतली होती, आणि खरं सांगायचं तर उणं काढायलाच. निघेना. प्रोसेसर मधला घेतलेला, कारण खेळाचं खरं काम ग्राफिक्स कार्ड करतं आणि पैसा तिथे घालायला हवा. शहाणपणाचं. मदरबोर्ड साधा पण पुढे वाढवता येईल असा. रॅमच्या दोन पट्ट्या, एक नाही. पॉवर सप्लाय… इथे सगळे नवशिके पैसे वाचवतात आणि मग मशीन जाळून घेतात. इथेही वाचवले नव्हते. नाक मुरडायला कुठेच जागा ठेवली नव्हती त्या मुलीने. आणि मग शेवटची ओळ, कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं तो डबा. स्वस्तातलं, छोटं, नीटनेटकं. कार्ड लांबलचक, तीन पंख्यांचं. सवयीने तिने फोनवर दोन्हींची मापं काढली. कार्ड तीनशे बारा मिलिमीटर. कॅबिनेटमध्ये कार्डाला जागा, तीनशे.

तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लाज वाटावी इतक्या. गोल गोल अक्षरांत केलेली बारा मिलिमीटरची चूक, आणि ती करणारी, बघायला गेलं तर, वायरीला वायर म्हणायला कालपरवा शिकलेली! तिने पेन्सिलीने कॅबिनेटच्या ओळीशी 'बारा' हा आकडा घातला, जोर देऊन, खाली रेघ. झोपही छान लागली.

सकाळी मात्र दुसराच विचार डोक्यात येऊन बसला होता – सांगितलंच नाही तर?

दुपारी एक जोडपं आलं. मालकांनी तिला पुढे बोलावलं. बाईंनी नवऱ्यासाठी फ्रेम निवडली होती, अरुंद, झोकदार, आणि नवरा आरशात स्वतःला ओळखायचा प्रयत्न करत होता.

"ही यांना शोभते की नाही?" बाईंनी विचारलं.

"शोभते हो. पण यांना लांबचं आणि जवळचं एकाच काचेत हवंय ना? ही फ्रेम उंचीला कमी पडेल. वाचताना मान वर करावी लागेल आणि महिन्याभरात मान धरेल."

"बघा, वेळेवर सांगितलंत," नवरा म्हणाला, इतक्या मनापासून, की बाईही हसल्या.

परक्या माणसाची मान दुखू नये म्हणून तोंड लगेच उघडलं, मागे येऊन बसताना तिला वाटलं, आणि तिथे मात्र तोंडात मिठाची गुळणी धरणार तू. पण ते वेगळं… तिथे काय होईल? सामान येईल, रविवारी दोघं हौसेने जमिनीवर मांडून बसतील, कार्ड आत जाणार नाही. तो एकदा तिरकं करून बघेल, एकदा उलटं. मग हिच्याकडे बघेल. जास्त काही नाही, नुसतं बघेल. आणि मग फोन करेल. 'ताई, येतेस का गं?' एवढंच हवं होतं तिला. कुणाचं वाईट कुठे चिंतत होते मी? कॅबिनेट बदलून मिळतं, चार दिवस उशीर, बस. चार दिवस तर मागत होते.

तिने ट्रेखालून कागद ओढला, खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीचा आकडा खोडला. नीट खोडला, भुकटी फुंकून टाकली. कागद पुन्हा चार घड्यांत गेला.

भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. पोहोचली तेव्हा खिडकीत अजून चांगला उजेड होता. भावजयीने दार उघडलं, "या ताई, चहा टाकलाच आहे," आणि टेबलावर तीन कप मांडले. बारक्या समोर येऊन बसला, खुर्ची पुढे ओढून. शर्यत सुरू व्हायच्या आधी बसायचा तसाच, हे तिला दिसलं आणि ते तिने बाजूला सारलं.

"हं, बोल."

तिने कागद टेबलावर ठेवला. "छान आहे यादी."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं बरोबर आहे. मागवून टाक."

"नीट बघितलंस?"

"बघितलं रे."

"कॅबिनेट वगैरे?"

तिने चहाचा घोट घेतला. "कॅबिनेटला काय धाड भरलीय?"

त्याची खुर्ची थोडी मागे गेली. मग तो बायकोकडे वळून हसला, पण ते हसू कालचं नव्हतं. भावजय म्हणाली, "हरलास. भांडी तुझ्याकडे."

"काय हरला?" तिने विचारलं.

"अगं, शोध," बारक्या म्हणाला. "आपला शोध, ताई. एक चूक ठेवली होती. एकच, पण नक्की." त्याने फ्रिजवरच्या चुंबकाखालची पावती काढून तिच्यापुढे धरली. सुट्या भागांच्या दुकानाची, परवाच्या तारखेची. तेच प्रोसेसर, तेच कार्ड, तीच रॅम; कॅबिनेट तेवढं दुसरं, मोठं. "खरी ऑर्डर केव्हाच दिलीय. हिला म्हटलं होतं, ताई पाच मिनिटांत पकडेल. माझं अक्षर बघून तुला संशय येईल म्हणून हिच्याकडून लिहून घेतलं."

पावतीवरची अक्षरं ती वाचत राहिली, वाचून झाली तरी. दिसली होती रे मला. हे चार शब्द जिभेच्या टोकावर आले, आणि त्यांच्या मागोमाग येणारा प्रश्नही आला – मग बोलली का नाहीस? – आणि त्याला उत्तर म्हणून कालच्या उकळ्या, दुपारचं खोडरबर, जमिनीवर सामान मांडून बसलेला आणि बायकोकडे नुसता बघणारा बारक्या, हे सगळं तिला या टेबलावर, तीन कपांच्या मध्ये, काढून ठेवावं लागलं असतं.

"मी… माझ्या लक्षातच…" ती म्हणाली.

"चालायचंच गं," तो म्हणाला. तिच्या मनगटावर त्याने हात ठेवला, थोपटल्यासारखा. "किती वर्षं झाली. विसरतो माणूस."

इतक्या मायेने म्हणाला, की तिला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि तिने तो तसाच राहू दिला. विसरलेली ताई. ठीक. दुसरी जी खोडरबरवाली होती तिच्यापेक्षा ही बरी, ही त्याला दाखवता तरी येते. आणि त्याने शोधाचं हिला सांगितलं होतं म्हणजे, झाकण, स्क्रू, रविवार, सगळं… याचंही पोटात दुखायला हवं होतं. तिने वाट पाहिली. दुखणं आलं, पण ते भावजयीच्या अंगावर नेऊन टाकता येईना, तिच्यापाशीच बसून राहिलं.

भावजय कप गोळा करत होती. यादीचा कागद तिने उचलला, घडी उघडली, सहज, ठेवून द्यायच्या आधी बघावं तसं. मग थांबली. कागद खिडकीकडे नेऊन तिरका धरला – दिवसभर चिठ्ठ्या धरत असेल तसाच. शाईच्या ओळींवरून तिची नजर खाली सरकत गेली आणि शेवटच्या ओळीशी अडली. पेन्सिल जोरात चालली होती काल. रबराने काळं निघतं, दाब निघत नाही, हे पंधरा वर्षं काचांवरचे ओरखडे बघणाऱ्या बाईला कुणी सांगायला हवं होतं?

भावजयीने मान वर केली. दोघींची नजर एकदाच भेटली, नीट, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विजय तर नव्हताच. जे होतं त्याला काय म्हणावं ते ताईला कळेना. भावजयीने कागदाच्या होत्या त्याच घड्या घातल्या आणि तो कुर्त्याच्या खिशात टाकला.

"राहू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "भांडी मीच घासते."

"का गं? जिंकलीस ना?"

"राहू दे म्हटलं ना." आणि कप घेऊन आत गेली.

बारक्या बोलत होता. रविवारी सामान येणार, सकाळीच ये, जोडायचं तूच, आणि ऐक, या वेळी तू चूक ठेव, मी शोधतो; येशील ना, ताई? आत नळ सुरू झाला होता. ती 'येईन' म्हणाली की नुसतीच मान हलवली, तिचं तिलाच कळलं नाही, कारण तिचा कान आतल्या भांड्यांकडे लागला होता – एकेक भांडं, सावकाश, जराही आवाज होऊ न देता पालथं घातलं जात होतं – आणि तिला फार वाटत होतं की त्या मुलीने त्यातलं एखादं तरी जोरात आपटावं.